गच्चीवरचा हायड्रोजन

पासष्टची लढाई चालू होती आणि अकोल्यात आमच्या घरी फौजदार आला… मी नुकताच चहा टाकला होता. जिन्यात बूट वाजले तसा मी स्टोव्ह बंद केला.

आमचे हे सरकारी कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर. गच्चीवर त्यांनी पत्र्याचा मोठा चौकोनी भोंगा बसवला होता, तोंड आभाळाकडे. त्याच्या वायरी खाली खोलीत, भंगारातून आणलेल्या मिलिटरीच्या जुन्या रिसीव्हरला जोडलेल्या.

आभाळात विश्वाच्या जन्मापासूनचा हायड्रोजन आहे, त्याचा अगदी बारीक सिग्नल येतो, तो म्हणे त्यांना पकडायचा होता. मी हेडफोन लावला की नुसती खरखर…

त्या दिवसांत गावोगाव हेर उतरल्याच्या अफवा. कुणीतरी भोंग्याची खबर दिली. कुणी दिली ते कधीच कळलं नाही, त्यामुळे नंतर मला सगळ्यांचीच भीती वाटायची.

फौजदाराने विचारलं, "काय ऐकता याच्यावर?" हे सरळ बोलून गेले, "हायड्रोजन."

झालं. तेव्हा पेपरात हायड्रोजन हा शब्द यायचा तो बॉम्बसोबतच. दारात जमलेले शेजारी मागे सरकले… हे समजवायला गेले आणि आणखीच अडकले. "फार लांबून येतो हो सिग्नल," म्हणाले. "म्हणजे बॉर्डरच्या पलीकडून?" फौजदाराने विचारलं.

सासूबाईंनी तेल्हाऱ्याला लोकांच्या शेतात कापूस वेचून यांना शिकवलेलं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून या घराने शिक्षणच धरून ठेवलेलं. घरातली पहिली सरकारी नोकरी, ती जाणार आणि वर देशद्रोहाचा ठपका…

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "सायेब, हे डबडं नुसतं आयकते, बोलत नाही. माया पोरगाबी तसाच हाये. लगन झाल्यापासून सुनेसंग धड बोलला नाही, तो दुश्मनासंग काय बोलन?"

फौजदार हसला. हेडफोन कानाला लावून खरखर ऐकली, म्हणाला, "याच्यात त काहीच नाही. पण काढून ठेवा मास्तर."

यांनी त्याच संध्याकाळी भोंगा उतरवला. लढाई संपली तरी तो परत चढला नाही. पत्र्याची सासूबाईंनी ज्वारीची कोठी करून घेतली. त्या माउलीचे उपकार मी कशाने फेडणार…

परवा नातीने मोबाईलवर दाखवलं, जगभरच्या मोठमोठ्या दुर्बिणी त्याच हायड्रोजनचा सगळ्यात जुना सिग्नल शोधतायत, आणि त्यांनाही तो सहजासहजी सापडत नाहीये. हे असते तर किती खूश झाले असते.

"आजी, आजोबा काय ऐकायचे गं?" तिने मोठ्याने विचारलं. मी आधी उठले, दाराला कडी लावून आले… आणि मग हळूच सांगितलं, हायड्रोजन.