मामाचा नियम

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. एटापल्लीच्या बसमध्ये मी, फासे टाकत गोष्ट रचायच्या एका खेळासाठी, जादूचे नियम जुळवत होतो. मांडीवरची कोंबडी सावरत शेजारून त्यांनी विचारलं, "काय करून राह्यला गा?"

"खेळ बनवतोय. मंत्र टाकून फाशांवर सहा पडले की वाघ पळतो."

त्यांनी हातावर चापटच मारली. "जंगलात नाव नाई घेत त्याचं! मामा म्हण."

बस्स, नियम सापडला! नाव घेतलं की मंत्र उलटणार.

मग बाई स्वतःच फुंकर घालून फासे टाकू लागल्या. सहा पडताच आनंदानं ओरडल्या, "पळाला वाघ!"

गचका खाऊन बस भर जंगलात बंद पडली. सगळे त्यांच्याकडे वळले. तोंडावर पदर दाबून, हसू आवरत त्या पुटपुटल्या, "नियम लयच कडक बनवला तुनं!"