मिठाचं माप

थोडं पाणी पेशीच्या आत असतं, थोडं बाहेर. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका क्लासमध्ये मी हे अकरावीच्या मुलांना शिकवायचे. घराण्यातली पहिली बी.एस्सी. मीच, त्यामुळे मला शिंगंही चांगलीच फुटलेली.

एका पावसाळ्यात बदलापुरात मांजर्लीतल्या आमच्या खोलीत नदी कमरेपर्यंत आली. पाणी ओसरलं, गाळ उपसून झाला आणि आईला जुलाब लागले. ती साखर-मिठाचं पाणी करायला उठली. तिची रीत साधी होती: चिमटीने मीठ टाकायचं, चाखायचं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं. चिमूट हे काय माप झालं, म्हणून मी हसले आणि तिला खाली बसवलं. लिटरभर पाण्याला किती चमचे मीठ-साखर, हे मला तोंडपाठ होतं. पण चहाचे चमचे गाळात गेलेले. हाताला भाजी वाढायचा चमचा लागला, तोच मिठाने शिगोशीग भरला. तांब्यात लिटरभर पाणी मावतं की अर्धा लिटर, तेही बघितलं नाही. चाखायचा तर प्रश्नच नव्हता.

एक घोट घेऊन आई म्हणाली, “लई खारट झालंय गं.”

“आई, मी रोज हेच शिकवते. पी.”

ती प्यायली. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंग करून तिने मला शिकवलं होतं. स्वतःच्या जिभेपेक्षा माझ्या शिक्षणावर तिचा विश्वास जास्त. दुपारपर्यंत मी तिला असे दोन तांबे पाजले.

संध्याकाळी ती बरळायला लागली, मला ओळखेना. बदलापूर गावातल्या दवाखान्यात रात्रभर सलाईन चाललं. सकाळी ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी मी बाटलीत भरून नेलेलं उरलेलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकले. एवढ्या मिठाने मेंदूच्या पेशींतलंसुद्धा पाणी ओढलं जातं, म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती. मला हे सगळं पाठ होतं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी बाटलीचं झाकण लावायला लागले.

“मीच केलं, डॉक्टर,” आई म्हणाली. “अडाणी माणूस मी. ही माझी लेक शिकवायला जाते, तेव्हा घरी नव्हती.”

“मग ही येईपर्यंत थांबायचं ना, मावशी.”

आईने मान डोलावली. पुढे शेजारणींनाही ती हेच सांगायची, कधीकधी माझ्यासमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मी एकदाही खरं बोलले नाही. आई गेली तेव्हाही ती चूक तिच्याच नावावर होती.