चहा संपला, तर तक्रार खोटी

शालनकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत एका बाळाला लस देत होते. फोन आशाताईनं घेतला, माझ्याकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला कळलं. बाळ रडत होतं, मीही रडायला लागले. त्याची आई बिचारी मलाच समजावत बसली, की सुई जोरात नाही लागली हो सिस्टर...

उंब्रजच्या पुढं, हायवेला लागून हे गाव. मी मूळची सांगलीकडची, नर्सच्या नोकरीनं इथं आले. काकी गावच्या आरोग्य समितीच्या अध्यक्ष. गटार तुंबलं, गोठ्याचा वास येतो, उकिरड्यावर माश्या झाल्या, असल्या तक्रारी समितीकडं यायच्या. आधीचे अध्यक्ष कागद वर पाठवून हात झटकायचे. काकींची तऱ्हाच निराळी. तक्रार आली की थर्मास भरायच्या, तक्रार करणारा आणि ज्याच्यावर केली तो, दोघांना जागेवर न्यायच्या आणि तिथंच खुर्च्या मांडून चहा ओतायच्या. तिथल्या वासामाश्यांत बसून काकींचा चहा संपला, तर तक्रार खोटी. कप भरलेला राहिला, तर खरी; मग हलवा तो उकिरडा! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. म्हटलं, हे काय सरकारी कामकाज? पण गाव हा न्याय मानायचं, कारण सख्ख्या दिराच्या कोंबड्यांच्या शेडपाशी बसून त्यांनी पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला होता. "भावजी, तक्रार खरी हाय," एवढंच म्हणाल्या. भावजींनी पुढं कितीतरी दिवस त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही, पण शेड मळ्यात गेली.

मग एक दिवस तक्रार आली ती माझ्यावरच. आमच्या उपकेंद्रात नर्सच्या जागा दोन, माणूस मी एकटी. वाड्यावस्त्यांवर लस द्यायला गेले की मागं केंद्राला कुलूप. लोक म्हणाले, सिस्टर कधी जाग्यावर नसतात. माझं डोकंच फिरलं. माझी पोरं सासूबाईंकडं सांगलीत, आणि मी इथं उन्हातान्हात स्कूटी रेटून वर शिव्या खायच्या? बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये टाकला. काकींनी त्याच कुलूपबंद केंद्राच्या पायरीवर बैठक लावली. मी वस्तीवरून घामाघूम होऊन पोचले, तर अर्धं गाव चहा घेत बसलेलं. वाटलं, आता निघणार वाभाडे. काकींनी पहिल्यांदा माझ्या हातात कप दिला. मी म्हटलं, "नको काकी, दोघी पोटुशा बाया उन्हात थांबल्यात, त्यांना आधी तपासते." कप तसाच पायरीवर ठेवला.

काकी लोकांकडं वळल्या. "हिचा चहा ऱ्हायला. म्हंजी तक्रार खरी हाय. पर ती हिच्यावर न्हाई, त्या रिकाम्या जाग्यावर हाय."

त्यानंतर काकी तक्रार करणाऱ्यांनाच बरोबर घेऊन वरच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. साहेब टाळायचे, या आपल्या तिथंच बाकावर थर्मास उघडून बसायच्या. शेवटी दुसरी नर्स आली. माझा अर्ज पर्समध्येच चुरगळून गेला. आज पोरं इथल्याच शाळेत शिकतात, आणि या गावाला मी 'आपलं गाव' म्हणते, ते काकींमुळं. हे त्यांना तोंडावर सांगायला गेले की म्हणायच्या, "गप गं, लय शानी झालीस."

त्या गेल्यावर पहिली तक्रार आली ती सुमनच्या गोठ्याची. नवरा गेल्यापासून सुमनचं घर दोन म्हशींवर चालतं. शेजारी नवा बंगला झाला, त्यांना वास येतो म्हणे. म्हशी हलवायच्या तर तिला दुसरी जागा कुठली? बैठक बसली आणि सगळे म्हणाले, सिस्टर, आता तुमीच प्या. काकींच्या सुनेनं तोच थर्मास आणला. गोठा शेण काढून लख्ख केलेला, वासाचं नाव नाही. मी घोट घेतला... गवती चहा घातलेला, भरपूर साखरेचा, अगदी काकींच्या हातचा वाटावा असा. घोट काही केल्या खाली उतरेना. कप हातात तसाच राहिला. समोर सुमन एकटक त्या कपाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

तेव्हा ध्यानात आलं, इथं रडून चालायचं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी मी तो चहा प्याले, पार तळापर्यंत, आणि सगळ्यांना दिसेल असा कप पालथा घातला.