आत्याची पंक्चर ट्यूब

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कारेगावला एका कंपनीत क्वालिटीला होते मी. पार्ट पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला की रिजेक्ट... रोजचं काम हेच. त्यामुळे "तुला भास झाला असेल" असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी इथंच थांबावं.

२००३चा मे महिना. माझं माहेर शिरूरच्या खाली, घोड नदीच्या काठावर. त्या दुष्काळात नदी पार आटली होती, गावाखालचा एक डोह तेवढा उरला होता. पाणी कमी झालं की मासे एका जागी गोळा होतात, आणि ते धरायची माझी आत्या. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. पोहायला येत नव्हतं, पण ट्रकच्या ट्यूबवर पालथी पडून, हातानं पाणी मारत अख्ख्या डोहात जाळं लावायची. त्यावर तिचं पोट होतं, आणि कुणापुढं हात न पसरण्याचा ताठाही. डोहाकाठी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. पाण्यातल्या देवींच्या डोहात विधवेनं उतरू नये, असं माझे थोरले चुलते, नाना, उठता-बसता म्हणायचे. तिला तिथून हटवायला त्यांना निमित्तच हवं होतं.

ते मी पुरवलं. ट्यूब डोक्यावरून न्यायची असते. मी शहाणी, त्या दिवशी ती वेड्या बाभळीच्या काटेरी झुडपांतून घरंगळत नेली.

दुपारचे चार वाजले असतील. आत्या डोहाच्या मध्यावर, मी काठावर जाळ्याचं टोक धरून उभी.

"आगं, ही मऊ का पडली गं?" आत्या ओरडली आणि ट्यूबवरून घसरलीच. पाणी छातीएवढंच, पण खाली सगळा गाळ. त्यात पाय रुतले, वर जाळं गुंडाळलं. ती धडपडली तशी ट्यूब लांब सरकली, पार पलीकडच्या कातळाला जाऊन टेकली. मलाही पोहता येत नाही. मी नुसती बोंबलत होते... आणि आसपास चिटपाखरू नाही. आत्याची हनुवटी पाण्याला लागली.

आता नीट वाचा. वारा नव्हता. बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. नदी वाहत नव्हती, मग ओढ कुठली? तरी ती ट्यूब कातळापासून सुटली आणि सरळ आत्याकडे आली. चांगली तीसेक फूट! आत्यानं दोन्ही हातांनी मिठी मारली, तशी ट्यूब तिला घेऊन काठाकडे निघाली. तिचे हात गुंतलेले, पाय जाळ्यात... पाणी मारणार कोण? मी दंडाला धरून तिला वर ओढलं.

मग ट्यूब अंगठ्यानं दाबून बघितली. कडक! नुकतीच हवा भरल्यासारखी. आणि माझ्या डोळ्यांदेखत फुसफुसत चपटी झाली.

लगेच शिरूरला पंक्चरवाल्याकडं नेली. त्यानं हवा भरली, पाण्यात मी स्वतः बुडवली. दोन काटे, दोन भोकं, बुडबुड्यांची रांग.

"ताई, ही पाच मिन्टं बी टिकायची न्हाई," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली, आणि नाना चौघांना घेऊन अंगणात हजर. "आसरा कोपल्या. ही सवाष्ण हाय, हिनं ओटी भरायची," माझ्याकडं बोट दाखवत ते म्हणाले, "आन् हिच्या आत्यानं परत डोहाकडं फिरकायचं न्हाई."

माझं डोकं सणकलं. पण मी तोंड उघडायच्या आत आत्या उठली.

"कोपल्या असत्या तर बुडिवलं नसतं व्हय? मला वर काढताना त्यांनी माझं कपाळ न्हाई बघितलं, नाना. तुम्ही कशाला बघताय? ओटी मीच भरणार."

आणि भरली. दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर. खण, नारळ, तांदूळ, सगळं स्वतःच्या हातानं. मग पदर खोचला आणि पंक्चर काढलेली ट्यूब घेऊन डोहात उतरली. नाना खाली बघत उभे होते. मला रडू आलं, आणि खरं सांगते, हसूही आलं.

आसरा होत्या का? माहीत नाही. भोकं पडलेल्या ट्यूबमध्ये हवा कुठून आली? तेही माहीत नाही. कंपनीतल्या इंजिनियरांना विचारलं, ते हसले. तुम्हीही खुशाल हसा. उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण आत्या गुडघे जाईपर्यंत त्या डोहात उतरत राहिली, आणि तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.