वीरगळ हलवायचे नाहीत: शिरूर कासारच्या माळावर

नकाशावर बोट ठेवून अहवाल लिहायचा असता तर पुण्यातच बसले असते. नव्वदीचं दशक सरत होतं, खासगी कंपन्या माळरानांवर पवनचक्क्या उभारायला निघाल्या होत्या. त्यातल्याच एकीने मला, म्हणजे पुरातत्त्व शिकवणाऱ्या बाईला, विचारलं: शिरूर कासारजवळच्या माळावर आमच्या रस्त्यात वीरगळ येतात, ते उचलून देवळाशेजारी मांडले तर वारशाला धोका आहे का? पिशवी भरली आणि निघाले.

नगरपर्यंत एसटी झकास. पुढे पाथर्डीला गाडी बदला, स्टँडबाहेरची शेवभाजी चुकवू नका, फक्त पाणी हाताशी ठेवा. शिरूरहून जीप, मग पायपीट. चढ फार नाही, पण सावली औषधालाही नाही.

वाटेच्या कडेला लढाईत पडलेल्या वीरांचे ते कोरीव दगड, शेंदराने माखलेले. शेजारी ऊसतोडीला निघालेला ट्रक थांबलेला. गयाबाई नावाच्या तोडकरी बाई दगडापुढे नारळ फोडत होत्या.

“ह्याला सांगितल्याबिगर आमी गाव सोडत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला पवनचक्की नको आहे का?”

“नको कावून? वीज पायजेच की, ताई. पर ह्यो हितंच पडला, हितंच ऱ्हानार. रस्ता वळवा म्हनावं.”

“मग कंपनीला सांगा ना तसं.”

“ते आमी गेल्यावर येनार हायेत. तवा गावात म्हाताऱ्यांबिगर कोन असतंय?”

माझं डोकंच फिरलं. काम दिवाळीनंतर सुरू होणार, हे मी कागदावर वाचलं होतं. पावसाळा संपतो म्हणून, असं आपलं मी धरून चालले होते; खरं तर तेव्हा गाव रिकामं असतं म्हणून. गयाबाईंनी हातावर भाकरी-ठेचा ठेवला. रागाच्या भरात तो ठेचाही मला तिखट लागला नाही.

घरी येऊन लिहिलं: दगड हलवले तर वारसा संपला. रस्ता वळवावा, आणि तोडकरी परतून गावसभा होईपर्यंत कुदळ मारू नये.

कंपनीचे साहेब घरी आले. “मॅडम, शेवटचं वाक्य तेवढं काढा. लोक परतले की हरकती येतील.”

“येऊ द्यात. त्यासाठीच लिहिलंय.”

पुन्हा त्या कंपनीने मला बोलावलं नाही. न बोलावू दे! उन्हाळ्यात गाव परतलं, सभा झाली, आणि रस्त्याच्या आखणीची दोरी गयाबाईंनी स्वतः उचलून बाजूला टाकली म्हणे. आता पवनचक्क्या फिरतात आणि रस्ता वीरगळांना वळसा घालून जातो. त्या वळणावर जीपवाला वैतागला, तर त्याला खुशाल माझं नाव सांगा.