मामांचं हळूहळू

जगात एकदम असं काही घडतच नाही, एवढी एकच गोष्ट लोकांना पटवून देण्यासाठी आमच्या खुटबावच्या मामेसासऱ्यांनी, म्हस्कूमामांनी, जन्म घेतला असावा. त्यांच्या तोंडी सदा एकच शब्द, हळूहळू. कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला रोज उशिरा पोचायचे आणि सुपरवायझर ओरडला की म्हणायचे, "लेट कुठं? हळूहळू येतोय की." वरवंडजवळ मोटरसायकलवरून भर रस्त्यात आपटले, दोन्ही गुडघे फुटले, तरी उचलायला धावलेल्यांना त्यांनी बजावलं, "पडलो न्हाई, हळूहळू खाली आलो." म्हणजे सावकाशच ना, असं मी एकदा विचारलं, तर माझ्या अकलेची कीव करत म्हणाले, "न्हाई पाव्हणं. सावकास माणूस करतो. हळूहळू आपसूक व्हतं, आन् व्हताना दिसतबी न्हाई."

मग मामी विसरायला लागल्या. आधी आमटीत दोनदा मीठ पडलं, मग नातवंडांची नावं गेली, मग घरातल्या घरात न्हाणीची वाट सापडेना. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे हळूहळू वाढत जाणार. मामांना आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा राग आला. "डाक्टरनं वापरायचा शब्द हाय व्हय ह्यो!" म्हणून कितीतरी दिवस धुसफुसत होते.

त्यांना घोर एकच, ही मलाही विसरली तर? आणि ते कळायची काही सोयच नव्हती. जुन्या वळणाच्या मामींनी लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. हाक काय ती "अवं". "जवर अवं म्हनतीया, तवर मी हाय," मामा म्हणायचे, आणि दिवसभर त्या "अवं"कडे कान लावून बसायचे.

परवा आम्ही गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसून मामींना दूध-भाकरी भरवत होते. मामींनी तोंड पुसलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "म्हस्कूदादा, दिस मावळला. घरला जावा आता. तुमची बायकू वाट बघत आसंल."

नाव आठवत होतं, नवरा आठवत नव्हता. मामांच्या हातातला घास तसाच राहिला. "मामा, हे कधीपासून?" मी कसंबसं विचारलं.

"आत्ताच," ते म्हणाले. "एकदम."

मामी अजून त्यांच्या उठण्याची वाट बघत होत्या. मामांनी घास पुन्हा दुधात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेत म्हणाले, "जातो की. हळूहळू."