मी खोलीत आलो की लागणारा पिवळा लाइट

आधीच सांगतो, भूत, करणी, नजर असल्या गोष्टींना आमच्या घरात जागा नव्हती. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घर आमचं. बाबा भंडारा जिल्ह्यातून लखनऊला आले ते सरकारी ऑफिसात चपराशी म्हणून. एका खोलीचं क्वार्टर, आम्ही चौघं. आंब्याच्या सीझनमध्ये आई टेम्पोने मलिहाबादला दशहरी निवडायला जायची आणि चिकाने सोललेले हात घेऊन परत यायची. मला एकदा ताप आला तेव्हा शेजारच्या आंटी लिंबू उतरवायला आल्या, तर बाबांनी त्यांना दारातच ऐकवलं, "भाभीजी, हमारे यहाँ डॉक्टर चलता है, निंबू नहीं." नजर हा शब्दच घरात बंद होता.

त्या एका खोलीतून मी बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी अभिमानाने सांगतो, कोणी नाही विचारलं तरी सांगतो. आता अमौसीला एअरपोर्टवर कॉम्प्युटरचं मेंटेनन्स बघतो आणि आम्ही सगळे इंदिरा नगरला राहतो.

माझी बहीण प्रज्ञा सात वर्षांनी लहान. विहारात दरवर्षी मुलांना दाखवायला मला स्टेजवर बोलवायचे — "ह्याच्यासारखं शिका." प्रज्ञा एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आली, त्या वर्षी शाल तिला. आणि मला एक काका म्हणाले, "अरे, तू प्रज्ञाचा भाऊ ना? जरा माईक बघ, खरखरतोय." मी बघितला. हसत हसत बघितला. आतून जळत होतो... इथे खोटं कशाला लिहू.

मग तिला पीएच.डी.च्या ऑनलाइन इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सकाळी अकराची वेळ. स्लाइड दाखवायच्या होत्या, त्यामुळे मोबाइलवर भागणार नव्हतं. कॉम्प्युटर मीच एकेक पार्ट आणून जोडलेला, बाजूला काच असलेला कॅबिनेट. त्याच्या मदरबोर्डवर चार बारीक लाइट आहेत. चालू केलं की ते पाळीपाळीने लागतात आणि विझतात — लाल प्रोसेसरचा, पिवळा रॅमचा, पांढरा ग्राफिक्सचा, हिरवा बूटचा. जो विझत नाही, तिथे गाडी अडलेली. डॉक्टरने नाडी बघावी तसं मी ते लाइट बघतो.

दहा वाजता मी बटण दाबलं. लाल विझला. पिवळा लागला... आणि तिथेच राहिला.

"दादा, हो जाएगा ना?" प्रज्ञा म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते.

"माझ्यासमोर असले लाइट रोज लागतात," मी म्हटलं.

रॅम काढली, खोडरबरने पट्टी घासली, परत बसवली. पिवळा. दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. पिवळा. बोर्डावरचा बटण-सेल काढून पाच मिनिटांनी लावला. पिवळा! साडेदहा वाजले. माझ्या बॅगेत एक जुनी रॅम होती, ती आणायला बाहेरच्या खोलीत गेलो, तेवढ्यात आतून प्रज्ञा ओरडली, "चालू हो गया!"

धावत आत आलो. स्क्रीन काळी झाली, मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. पिवळा.

मी बाहेर — चालू. मी आत — पिवळा. तीन वेळा झालं. शिकलेला माणूस आहे, म्हणून शिकल्यासारखं तपासलं. मोबाइल बाहेर ठेवला, घड्याळ काढलं, अंगातल्या स्टॅटिकसाठी नळाच्या लोखंडी पाइपला हात लावून आलो. फरशी हलत असेल म्हणून बाबांना म्हटलं, "तुम्ही चालत या बरं दारातून."

"काहून रे?"

"या तर!"

बाबा माझ्यापेक्षा पंधरा किलो जड. परेड केल्यासारखे पाय आपटत आले. मशीन मजेत चालू. मी उंबरठ्यावर पाय ठेवला... आणि गेलं.

अकराला दहा कमी. प्रज्ञाचे ओठ पांढरे पडले होते. आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडाशी तो शब्द आला होता, मला दिसला. तिने तो गिळला आणि नुसतं म्हणाली, "तू जरा बाहेर थांब रे बाबू."

मी बाबांकडे बघितलं. आंटींना दारातून परत पाठवणारा माणूस आता काहीतरी म्हणेल... बाबा खाली बघत होते. त्यांनी पुढे होऊन दार लोटून घेतलं.

मी गॅलरीत जाऊन कूलरजवळ बसलो. खिडकीतून तिचा आवाज ऐकू येत होता. इंग्रजीत बोलत होती, मला कधी जमलं नाही इतकं सरळ. मध्येच एका प्रश्नावर ती थांबली. बराच वेळ थांबली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. लगेच स्वतःचीच भीती वाटली आणि मी कान लावून बसलो — आता मशीन बंद पडणार! पण पडलं नाही. तिने श्वास घेतला आणि उत्तर दिलं. नंतरची वीस मिनिटं मी फक्त तिचं ऐकत बसलो. चांगलं बोलते ती.

इंटरव्ह्यू संपल्यावर दार उघडलं. मी आत जायला तयार नव्हतो. प्रज्ञानेच हात धरून ओढलं, "अब आओ भी, यार." मी गेलो. मशीन चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते कॅबिनेट ऑफिसला नेलं. रॅम, पॉवर सप्लाय, बोर्ड, सगळं तपासलं. आठवडाभर माझ्या टेबलावर, माझ्या गुडघ्याला टेकून चालू होतं. एकदाही पिवळा अडकला नाही. सीनियर म्हणाला, "लूज कॉन्टॅक्ट रहा होगा." असेल. पण लूज कॉन्टॅक्टला बाबांचे पाय आणि माझे पाय वेगळे कसे कळतात?

घरात कोणी तो विषय काढत नाही. आईने तो शब्द अजून उच्चारला नाही, आणि मीही अजून नजर वगैरे मानत नाही. पण त्या दिवशी मशीन कुठे अडलं होतं, ते मला सांगता येत नाही.

प्रज्ञाचं नाव यादीत तिसरं आलं. तिला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, फेलोशिपसकट. आमच्या घराण्यात इथवर आजपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं, मीसुद्धा नाही.